नळाच्या वाटेवरचा तंबू

सालेक गेला, तरी तिस्लेम रडली नाही. गल्लीतल्या बायकांच्या ही गोष्ट काही केल्या गळी उतरेना. नवरा गेलेली बाई कशी, नवरा गेल्यासारखी दिसली पाहिजे. ही आपली तंबूत पाय दुमडून बसायची. कुणी साखर घातलेलं ताक पुढे केलं तर प्यायची, कुणी विचारलं झोप लागली का, तर "लागली" म्हणायची. आणि खरंच लागायची. पहिल्या तीन दिवसांत येणाऱ्याजाणाऱ्यांनी सालेकचे इतके गुण गायले की त्यानं ते जिवंतपणी ऐकले असते तर लाजून गाडीखाली लपला असता. बायका हमसून हमसून रडल्या, आणि रडता रडता तिच्याकडे चोरून बघत राहिल्या. तिच्या डोळ्यांत टिपूस नाही.

"घशात अडकलंय तिच्या," जेनाबा सगळ्यांना सांगायची. जेनाबा म्हणजे लगतची शेजारीण. दुपारी माशाचा भात रांधून बांधकामावरच्या मजुरांना विकायची, आणि जिभेला हाड नाही. तिचा नवरा स्पेनला जातो म्हणून होडीत बसला, तो बसलाच. "मी बाई माझा गेला तेव्हा धाय मोकलून रडले. मेलाय की नाही ते अजून ठाऊक नाही. उगीच रडले की काय, देव जाणे."

सालेक पाणीवाला होता. गाढवाच्या गाडीवर दोन पिंपं, आणि सकाळपासून अंधार पडेपर्यंत सरकारी नळकोंडाळं ते गल्ली, गल्ली ते नळकोंडाळं. त्या दिवशी रांगेत उभा असताना छातीवर हात ठेवून वाळूतच बसला. दोघांनी उचलून घरी आणला. तंबूत आडवा केला, तिस्लेमनं चहाचा पहिला पेला दिला, तो प्याला. दुसरा उकळत होता तेवढ्यात गेला. एवढंच. सांगण्यासारखं दुसरं काही घडलंच नाही, आणि येणारी प्रत्येक बाई तेच तेच पुन्हा विचारायची.

मग इद्दत सुरू झाली, म्हणजे विधवेनं पाळायचे दिवस. चार महिने दहा दिवस. डोळ्यांत काजळ नाही, हाताला मेंदी नाही, लोबान नाही, आणि ज्या छपराखाली नवरा गेला ते छप्पर सोडायचं नाही. तिस्लेमला ते जड गेलं नाही. खरं सांगायचं तर तिला ते बरंच वाटलं. बस म्हटलंय ना, मग बसायचं. कुठे जायचं, काय करायचं, हे ठरवायला नको.

पण नुआक्शोत शहराला कुणाची इद्दत ठाऊक! नेमकं त्याच सुमाराला सरकारनं वस्ती सरळ करायला काढली. वस्ती म्हणजे आमची गझरा. गझरा म्हणजे कुणाला न विचारता बळकावलेली जमीन. शहरातली निम्मी माणसं अशाच जमिनीवर राहतात, त्यामुळे लाज वाटायचं काही कारण नाही. शहराचा नकाशा ज्यांनी काढला त्यांनी मूठभर कारकून, थोडे शिपाई आणि एक मशीद एवढंच धरलं होतं. मग दुष्काळ आला, गुरं मेली, माणसं उठली आणि शहराच्या कडेला येऊन टेकली. त्यांच्या कडेला आणखी टेकली. आता नकाशा बघायला गेलं तर आम्ही सगळेच त्याच्या बाहेर आहोत.

तर सरकारचं म्हणणं असं, की आता दूरच्या नदीचं पाणी शहरात आलंय, ते गल्लोगल्ली न्यायचं, त्यासाठी रस्ते हवेत. जे रस्त्याच्या बाजूला आहेत त्यांना जागेवरच नंबर मिळणार. नंबर मिळाला म्हणजे जागा तुमची, मग तुम्हाला कुणी उठवणार नाही. जे रस्त्यात येतात त्यांना पूर्वेला, वाळूच्या टेकाडांपलीकडे, दुसरी जागा. तिथं ठरल्या दिवशी डोक्यावर छप्पर घालून बसलेलं माणूस सापडलं पाहिजे. सापडलं नाही, तर जागा पुढच्याला. रांगेत माणसं काय कमी आहेत!

जेनाबाचं घर बाजूला होतं. तिस्लेमचा तंबू बरोबर रस्त्यात आला.

ही खबर घेऊन हमादी आला. हमादी सालेकचा धाकटा भाऊ, दुकानदार. दुकान बऱ्यापैकी चालायचं, आणि दु:ख करायलासुद्धा तो इस्त्रीचा झगा घालून यायचा. तंबूच्या दाराशी बसला, उसासा टाकला, भावाला दुवा दिली आणि मग हळूच म्हणाला, "वहिनी, तुम्ही इद्दतीत. तिकडे पूर्वेला जाऊन बसणार कोण?"

तिस्लेमनं चटईवरची वाळू झटकली.

"मी म्हणतो, माझ्या बायकोला पाठवतो. चार पत्रे टाकू, ती बसेल आठवडाभर. शेवटी जागा घरातच राहणार ना?"

"बरं," तिस्लेम म्हणाली.

"आणि ते गाढव. तुम्ही त्याला चारा कुठून घालणार? नेतो मी."

"बरं."

हमादी गेल्यावर जेनाबा पडदा बाजूला सारून आत आली. ती बाहेर उभी राहून सगळं ऐकत होती, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. "बरं? अगं, बरं काय बरं? गझरेत जो बसतो जागा त्याची, हे शेंबड्या पोराला कळतं. आपण सगळ्यांनी काय केलं होतं? जाऊन बसलो होतो. त्याची बायको बसली की जागा तिची!"

"मग काय करू?"

"नाही म्हण!"

"नाही म्हणून काय करू, जेनाबा? मला जाता येत नाही."

जेनाबा चिडून भाताकडे गेली आणि त्या दिवशीचा भात करपला.

झालं तसंच. पंधरा दिवसांनी हमादी परत आला तेव्हा त्यानं डोळे खाली ठेवले होते. साहेबांनी विचारलं छप्पर कुणाचं, बायकोनं घाबरून स्वत:चं नाव सांगितलं, आता एकदा लिहिलेलं खोडत नाहीत, तिची तरी काय चूक! "पण माझ्या अंगणात एक कोपरा तुमचाच आहे, वहिनी. शेळ्या बांधतो ना, त्याच्या शेजारी. सावली आहे." तिस्लेमनं ऐकून घेतलं. आपली जागा गेली, म्हणजे आता या शहरात आपल्याला बसायला वीतभर जमीन नाही, हे तिला समजलं. समजलं, पण लागलं नाही. बधीर झालेल्या पायावर कुणी चिमटा काढावा तसं झालं.

मग घरं पाडायचं यंत्र आलं. आधी रस्त्यातल्या पत्र्याच्या खोल्या गेल्या. तंबूला लागून असलेली तिस्लेमचीही गेली, गल्लीतल्या चार जणांनी फळ्या न् पत्रे मोडू न देता उतरवून दिले. उरला तंबू. आमच्यात तंबू बायकोचा असतो, तिच्या आईनं शिवलेला. तिस्लेमच्या आईनं शिवला होता तो कापसाच्या जाड पट्ट्यांचा, ठिगळं लावून लावून मूळ कापड कुठलं ते कळत नव्हतं. यंत्रवाला तंबूपर्यंत आला, कुणीतरी त्याला सांगितलं आत इद्दतीतली बाई आहे, आणि त्यानं यंत्र बंद केलं. उतरला, दोन्ही हात वर करून म्हणाला, "माझी आई अजून जिवंत आहे. मला शाप नको."

दुसऱ्या दिवशी इंजिनियर आला. सिदाती नाव, पोरसवदा दिसायचा, पण केस मागे हटायला लागले होते. त्यानं रीत सोडली नाही. तंबूच्या बाहेर, दाराकडे पाठ करून बसला. जेनाबानं त्याला चहा दिला.

"मावशी, अल्ला त्यांना जन्नत देवो."

"आमीन."

"किती दिवस राहिले?"

"बरेच," आतून आवाज आला.

"तीन महिने," जेनाबानं भर घातली. "थोडे कमी. तू चहा पी."

"तीन महिने मी पाइप कसा थांबवू? दोन्हीकडून चर खणत आणलाय. इथून पुढे सगळी वस्ती आहे. हजारो माणसं पाण्याची वाट बघतायत."

"माझा नवरा पाणीच आणायचा," तिस्लेम म्हणाली. ती हे काही वाद म्हणून बोलली नव्हती. आठवलं म्हणून बोलली. पण इंजिनियरला ते टोमण्यासारखं लागलं असावं, कारण तो दुसरा पेला न घेताच उठला. आमच्याकडे तिसऱ्या पेल्याआधी उठलेल्या माणसाला एकतर फार घाई असते किंवा फार राग असतो.

राग नव्हता, घाई होती. चार दिवसांनी तो याहदीह फकीहांना घेऊन आला. फकीह म्हणजे शरियतीचे जाणकार. लग्न, तलाक, वाटणी, सगळ्यांचे निवाडे त्यांच्याकडे. डोळ्यांनी अधू, पण डोकं लख्ख. त्यांच्यासाठी चटई घातली. चराच्या काठानं सगळी गल्ली जमली, बायका रिकाम्या बादल्या घेऊनच आल्या होत्या. हमादीही आला, इस्त्रीचा झगा घालून.

"मुली," फकीह पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "शास्त्रात याला उत्तर आहे. नीट ऐक. गावात राहणारी बाई विधवा झाली, तर तिनं त्याच घरात इद्दत काढायची, मग काहीही होवो. पण भटकी बाई, तंबूतली, तिचं वेगळं आहे. तिचे लोक चारापाण्यासाठी हलले, तर ती त्यांच्याबरोबर हलते. जिथं तिचे लोक तळ ठोकतील तिथं ती उरलेले दिवस काढते. तिला पाप नाही."

गल्लीत एकदम कुजबुज उठली. सुटलं म्हणायचं! इंजिनियरनं कपाळावरचा घाम पुसला.

"मग झालं तर," हमादी पुढे सरसावला. "वहिनी तंबूतच आहेत. आणि त्यांचे लोक म्हणजे आम्हीच. मी आजच गाडी आणतो. अंगणात जागा करून ठेवलीय."

"तू थांब," फकीह म्हणाले. "तुला विचारलेलं नाही. मुली, तू सांग. तू तंबूची आहेस, की शहराची? तू म्हणशील ते मी धरीन. पण विचार करून बोल, अल्ला ऐकतोय."

सगळे पडद्याकडे बघायला लागले. जेनाबा दाराच्या खांबाला धरून उभी होती. तिला दोन्ही हवं होतं, पाणीही हवं होतं आणि तिस्लेमही इथंच हवी होती, आणि दोन्ही मिळणार नाही हे तिलाही कळत होतं. तंबूची म्हटलं, की आज पाप न लागता सुटका, गल्लीला पाणी, आणि तिस्लेमची रवानगी हमादीच्या शेळ्यांशेजारी, मरेपर्यंत. शहराची म्हटलं, की इथंच, भर चरात, सगळ्यांच्या शिव्या खात.

तिस्लेमनं विचार केला. किंवा विचार करायचा प्रयत्न केला, कारण त्या दिवसांत तिच्या डोक्यात गोष्टी फार सावकाश हलायच्या. शेवटची गाय मेल्यावर बापानं तिला आणि आईला मालाच्या ट्रकवर बसवून इथं आणलं होतं, तेव्हा ती गुडघ्याएवढी होती. सालेकनं आणि तिनं हा तंबू ठोकला तेव्हा इथं एक घर नव्हतं, वाळू होती आणि एक मोडकी जीप. सालेक म्हणाला होता, इथंवर शहर यायला आपण म्हातारे होऊ. शहर त्याच्या आधीच आलं. बाजूला माणूस आलं, मग त्याचा भाऊ आला, मग भावाचे सासरे. प्रत्येकाच्या दारात सालेकनं पाणी टाकलं. आणि इतकी वर्षं शहरातले लोक त्यांना काय म्हणत होते? दुष्काळातून आलेले. चार पाऊस पडले की जातील परत. कुठं जाणार होते? तिला तर तिकडचा रस्तासुद्धा आठवत नव्हता.

आणि मग तिला हमादीचं अंगण दिसलं. तिथली ती सावली दिसली. सालेक गेल्यापासून पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं, आणि ते दु:ख नव्हतं, किळस होती.

"मी शहराची आहे," ती म्हणाली.

"काय म्हणाली?" मागून कुणीतरी विचारलं.

"शहराची म्हणाली!" जेनाबा ओरडली, आणि तिच्या आवाजात आनंद होता की कपाळाला हात लावणं होतं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"अहो, कसली शहराची!" हमादीचा आवाज चढला. "तंबूत राहते! दिसत नाही का, तंबू आहे!"

"तंबूत तर मीही झोपतो," फकीह म्हणाले. "पोरांनी गच्चीवर बांधून दिलाय. राष्ट्राध्यक्षही झोपत असतील. तंबूत कोण झोपत नाही या गावात?" लोक हसले. फकीह हसले नाहीत. ते काठी टेकत उठले. "तिनं साक्ष दिली, मी ऐकली. तिचे दिवस इथंच भरतील. तिला हलवील त्याच्या मानेवर पाप."

लोकांचं हसू त्याच संध्याकाळी संपलं. सालेक गेल्यापासून गल्लीला पाणी आणायला दुसरा पाणीवाला मिळत नव्हता. गाडीवाले नव्या, दूरच्या वस्त्यांना जास्त भावानं विकत होते. बायका डोक्यावरून वाहत होत्या. नळ येणार या आशेवर कसेबसे दिवस ढकलत होत्या, आणि आता दोन्ही चर तंबूपाशी येऊन थांबले होते, एक इकडून, एक तिकडून, मधे तिस्लेमची चटई. जाताना येताना टोमणे पडायला लागले. "राणीसाहेब उठल्या का?" "अहो हळू चाला, बाईसाहेबांचा वाडा आहे." एकीनं तर सरळ दारात उभं राहून सुनावलं, "तुझ्या नवऱ्यानं जन्मभर पाणी पोचवलं, आणि तू अडवून बसलीस. त्याला काय वाटत असेल?"

तिस्लेमनं ऐकलं. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं तिच्या मनात आलं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, वाटतंय का बघितलं. वाटलं नाही. मग तिनं तंबूच्या कडेला साचलेली वाळू हातानं बाहेर लोटली, कारण तेवढं एक काम तिला रोज असायचं.

जेनाबासुद्धा अबोला धरून बसली. भाताची थाळी दारात ठेवायची आणि न बोलता जायची. पाचव्या दिवशी तिला राहवलं नाही. थाळी ठेवून तिथंच फतकल मारून बसली. "मान मोडलीय माझी. बघ, इथं हात लाव. दगड झालाय दगड."

तिस्लेमनं हात लावला, आणि बराच वेळ तिची मान दाबत राहिली.

"एक विचारू? तू हट्टानं बसलीस, की खरंच पापाच्या भीतीनं?"

"ठाऊक नाही."

"निदान मला तरी खरं सांग."

"खरंच ठाऊक नाही, जेनाबा. उठायचं म्हटलं की पुढचं काही दिसत नाही."

त्यानंतर जेनाबानं अबोला धरला नाही. उलट कुणी टोमणा मारला की ती डाव हातात घेऊन बाहेर यायची.

शेवटी इंजिनियरच नमला. वरचे साहेब त्याच्या डोक्यावर बसले होते, अमक्या तारखेला पाणी सुटलंच पाहिजे म्हणून. एका सकाळी तो आला, तंबूभोवती फिरला, पावलांनी मापं घेतली, आणि मजुरांना म्हणाला, "चार वळणाचे एल्बो टाका. वळवा तिच्या मागून." मुकादम म्हणाला, "साहेब, रस्ता?" तो म्हणाला, "रस्ता वाकेल. या शहरात सरळ काय आहे?"

झालं. पाइप तंबूच्या पाठीमागून वळसा घालून गेला. आणि पाइप वळला म्हटल्यावर रस्ता वळला, आणि रस्ता वळला म्हटल्यावर तंबू रस्त्यात राहिलाच नाही, बाजूला आला. नंबर रंगवणारा माणूस आला तेव्हा त्याला प्रश्न पडला की तंबूवर नंबर घालायचा कुठे. जेनाबानं सालेकचं एक जुनं पिंप दारात उलटं ठेवलं. "घाल यावर. मोठा घाल, हमादीला त्याच्या दुकानातून दिसू दे." त्यानं लाल रंगात नंबर घातला. बायकांनी येऊन बघितला. ज्या कालपर्यंत राणीसाहेब म्हणत होत्या, त्याच आता म्हणायला लागल्या, काय डोकं आहे बाईचं, इंजिनियरला कसा वाकवला! तिस्लेमनं पडद्याच्या फटीतून नंबर पाहिला. जागा राहिली. आता तिला इथून कुणी उठवू शकत नव्हतं. सालेक असता तर दोन्ही हात वर करून नाचला असता, हे तिला माहीत होतं. ती जाऊन पुन्हा चटईवर बसली.

आणि नळ आला. काय तो दिवस! दर चार घरांमागे एक तोटी, आणि एक तर तंबूच्या पाठीशीच. पहिल्या दिवशी लोकांनी पाणी नुसतं अंगावर उडवलं. म्हातारे तोटीखाली डोकं धरून बसले. पहिला आठवडा चोवीस तास पाणी. मग काय, खबर फुटायला कितीसा वेळ! नदीचं पाणी गझरेत आलंय म्हटल्यावर कुणाचा चुलत भाऊ आतल्या गावातून आला, कुणाची बहीण सहा पोरं घेऊन आली, ज्याच्याकडे एक खोली होती त्यानं मागे दुसरी चढवली आणि भाड्यानं दिली. पूर्वेच्या टेकाडांपलीकडे हमादीच्या नव्या जागेच्याही पुढे पत्र्यांच्या रांगा लागल्या, आणि तिथल्या लोकांनी याच पाइपाला भोकं पाडून नळ्या लावल्या. त्यांचं तरी काय चुकलं? आपण तरी कुणाला विचारून आलो होतो? तर असं करता करता पाणी दिवसाआड झालं. मग पहाटे तेवढं. मग पहाटेही कधी यायचं, कधी नाही. गाडीवाले पुन्हा गल्लीत दिसायला लागले.

इद्दत संपली त्या दिवशी सकाळी गल्लीतल्या सगळ्या बायका तंबूत जमल्या. भांडण असो, काही असो, इद्दत संपलेल्या बाईला न्हाऊ घालायला जायचंच असतं. एकीनं अंगभर गुंडाळायची नवी मलाफा आणली होती, गर्द निळी. एकीनं मेंदी भिजवली होती. निखाऱ्यावर लोबान टाकला, इतक्या महिन्यांनी तंबूत वास भरला. कुणीतरी टाळ्या वाजवत गाणं धरलं. तंबूच्या मागच्या बाजूला, तोटीपाशीच, चादरींचा आडोसा केला होता.

"नळाच्या पाण्यानंच न्हाऊ घालायची हिला," जेनाबानं फर्मान काढलं. "हिच्यासाठी पाइप वाकलाय. शहराची बाई आहे, पिंपातल्या पाण्यानं न्हाणार नाही!"

तोटी सोडली. पाणी आलं, बायकांनी एकच गलका केला. दोन तांबे डोक्यावर ओतले, साबण लावला, केसांत चोळला, पाठीला चोळला. जेनाबा तोंड चालवतच होती, आता तुला चांगला नवरा बघू, दुकानदार नको, खाटीक बघू, मटण तरी मिळेल. बायका खिदळत होत्या. तिस्लेम डोळे मिटून बसली होती. पाणी गार होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला आपल्या अंगाला काहीतरी लागतंय असं जाणवत होतं.

मग तोटी फुसफुसली. थोडं गढूळ पाणी आलं, थोडी हवा, मग नुसती हवा. मग तेही नाही.

"घ्या!" कुणीतरी म्हणालं. "गेलं!"

"अरे देवा. ही अर्धी भिजलेली."

"कुणाच्या घरी आहे का भरलेलं?"

"माझं पिंप कालच संपलं."

"माझं तर पोरांनी संपवलं. पाहुणे आलेत ना."

"पोटं किती, नदी एक," जेनाबा करवादली. तांब्या उलटा करून तिनं झटकला. "आता काय करायचं? साबण वाळेल हिच्या अंगावर."

"काही नाही," तिस्लेम म्हणाली. डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून तिनं ते मिटूनच ठेवले होते, आणि आवाज अगदी रोजचा होता, घरातला, थोडा कंटाळलेला. "सालेकला हाक मारा कुणीतरी. कोपऱ्यावरच असेल."

टाळ्या थांबल्या. बाहेर लांबवर कुठल्या तरी गाडीवाल्याचं गाढव ओरडत होतं. तिस्लेमनं थोडा वेळ वाट पाहिली, मग हातानं तोंडावरचा साबण पुसला आणि डोळे उघडले. समोर सगळ्या बायका उभ्या होत्या आणि तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्याकडे बघता बघता तिला कळलं की एवढे दिवस आपण नुसतं बसलो नव्हतो. दिवस भरले की तो येईल, असं आपण धरून चाललो होतो. सांगितलं तेवढे दिवस, सांगितल्या जागी, न हलता बसलं की तो येईल.

"तो नाहीये ना?" तिनं जेनाबाला विचारलं.

"नाही गं," जेनाबा म्हणाली.

तेव्हा ती रडली. तशीच, साबणानं माखलेली, चादरींच्या आडोशात, आणि तो आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. बायका तिला धरून बसल्या. थोड्या वेळानं जेनाबा उठली, डोळे पुसले, बादली घेतली आणि पाणी शोधायला बाहेर पडली.